दगड टिकतो, छप्पर जाते : वसईच्या पाषाणी चर्चचे वास्तुशिल्प

यवतमाळच्या पठारापासून वसईच्या खाडीपर्यंत महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग एकाच खडकावर उभा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकातून थरांवर थर साचलेल्या लाव्हारसाचा हा काळा पाषाण, म्हणजेच बेसाल्ट. यवतमाळ जिल्ह्याचा वणीकडील भाग सोडला, तर तेथील गावकुसापासून मंदिरांपर्यंत सारे जुने बांधकाम याच दगडाचे आहे. चारशे वर्षांपूर्वी वसईच्या किनाऱ्यावर चर्च उभी राहिली, तीही याच दख्खनी पाषाणाच्या पश्चिम टोकावर. खडक एक असला तरी तो रचण्याची रीत मात्र दोन्हीकडे अगदी वेगळी होती.

विदर्भात ख्रिस्ती मिशनरी एकोणिसाव्या शतकात आले. नागपूरचे ऑल सेंट्स कॅथेड्रल हे त्या काळातील इंग्रजी वळणाचे बांधकाम. यवतमाळ शहर ख्रिस्ती धर्मशिक्षणाचे केंद्र म्हणून देशभर ओळखले गेले ते युनियन बिब्लिकल सेमिनरीमुळे. १९५३ साली तेथे सुरू झालेली ही संस्था १९८३ मध्ये पुण्याला हलली. मात्र शतकानुशतके एका गावाचे म्हणून नांदत आलेले पाषाणी चर्च पाहायचे, तर महाराष्ट्रात वसईकडेच वळावे लागते. आजच्या पालघर जिल्ह्यातील या तालुक्यात एकाच परिसरात दोन प्रकारची चर्च आढळतात. किल्ल्याच्या तटाआतील भव्य चर्च बहुतांशी भग्न आहेत. तटाबाहेरच्या वाड्या-गावांतील तुलनेने साधी चर्च मात्र आजही रविवारच्या मिस्सेला भरतात. दगड तोच, चुना तोच, काळही जवळपास तोच. असे असताना एकाचे अवशेष झाले आणि दुसरे जिवंत राहिले, याचे उत्तर या इमारतींच्या रचनेत आणि त्यांना वापरणाऱ्या माणसांत शोधावे लागते.

धर्मग्राम आणि त्याचे चर्च

पॅरिश या शब्दाला मराठी ख्रिस्ती परंपरेत ‘धर्मग्राम’ असा समर्पक प्रतिशब्द रूढ आहे. ठरावीक गावे वा वाड्या, त्यांतील कुटुंबे, त्यांच्यासाठी नेमलेले धर्मगुरू आणि त्या सर्वांचे एक चर्च मिळून धर्मग्राम होतो. बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी याच चर्चमध्ये होतात. त्यांच्या नोंदी तेथील वह्यांत ठेवल्या जातात. मठाचे किंवा धर्मसंघाचे चर्च आणि धर्मग्रामाचे चर्च यांतील हा फरक ध्यानात घेणे महत्त्वाचे आहे. मठाचे चर्च धर्मसंघाच्या देणगीवर आणि सत्तेच्या आश्रयावर उभे असते, तर धर्मग्रामाचे चर्च गावाच्या वर्गणीवर आणि वापरावर.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. पुढील दोन शतके हे शहर पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या धर्मसंघांनी किल्ल्यात आपापली चर्च व मठ बांधले. त्याच काळात पापडी, नंदाखाल, रमेदी अशा गावांतून धर्मग्राम स्थापन झाले. त्यांच्या स्थापनेची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते. येथे एक खबरदारी आवश्यक ठरते. धर्मग्रामाच्या स्थापनेचे वर्ष म्हणजे आज दिसणाऱ्या इमारतीचे वर्ष नव्हे. वादळे, लुटालूट, युद्धे आणि वाढती लोकसंख्या यांमुळे गावोगावची चर्च अनेकदा दुरुस्त झाली, वाढवली गेली वा नव्याने बांधली गेली. एखाद्या चर्चचे वय सांगताना पाया, भिंत, छप्पर आणि दर्शनी भाग यांचे वय वेगवेगळे असू शकते.

एक खडक, दोन पद्धती

लोहाऱ्याचे कमलेश्वर मंदिर किंवा विदर्भ-मराठवाड्यातील अन्य मंदिरे ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखली जातात. तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी ही शैली लोकांनी जोडली. तिचे वैशिष्ट्य म्हणजे चुन्याविना केलेले बांधकाम. घडीव चिरे एकमेकांत घट्ट बसवायचे, स्तंभांवर आडव्या दगडी तुळया ठेवायच्या आणि सारा भार वजनानेच तोलून धरायचा. आडवी दगडी तुळई फार लांब असली की स्वतःच्याच भाराने तडकते. त्यामुळे स्तंभ जवळजवळ ठेवावे लागतात आणि मंडप स्तंभांनी भरून जातो. देवदर्शनासाठी भाविक एकेकटा गाभाऱ्यापर्यंत जात असल्याने या रचनेत काही उणे वाटत नाही.

चर्चची गरज निराळी आहे. तेथे सारा समुदाय एकाच वेळी, एकाच छताखाली बसतो. वेदी सर्वांना दिसली पाहिजे आणि प्रवचन सर्वांना ऐकू आले पाहिजे. १५४५ ते १५६३ या काळात भरलेल्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतर कॅथलिक पंथात या गोष्टीला विशेष महत्त्व आले. रोममध्ये १५६८ साली सुरू झालेले जेझुइटांचे जेसू चर्च हे या विचाराचे प्रसिद्ध उदाहरण मानले जाते. त्यात एक प्रशस्त मोकळे दालन, कडेला छोटी उपवेदीगृहे आणि समोर मुख्य वेदी अशी मांडणी आहे. वसई आणि गोव्यातील चर्चची मांडणीही बहुतांशी याच धर्तीवर झाली. मधे खांब नसलेले दालन हवे म्हटले की भार बाजूच्या भिंतींवर जातो आणि दारे-खिडक्यांसाठी कमानी लागतात. कमानीसाठी चुना लागतो. काळ्या पाषाणाला चुन्याची जोड मिळाली आणि त्याच खडकातून वेगळी वास्तू साकारली.

भिंत आणि कमान

वसईच्या पडक्या चर्चमध्ये एरवी न दिसणारी गोष्ट उघडी पडली आहे, ती म्हणजे भिंतीचे अंतरंग. बाहेरून एकसंध वाटणारी भिंत प्रत्यक्षात तीन थरांची असते. दोन्ही बाजूंना बसवलेल्या दगडांचे थर आणि मधल्या पोकळीत चुन्यात कालवलेले अनघड दगड व कपच्या, अशी ही रचना. कोपरे, दारांच्या चौकटी, कमानी आणि स्तंभ यांसाठी मात्र घडीव दगड वापरलेला आढळतो. घडाईला वेळ आणि पैसा लागे. म्हणून चांगला दगड नेमक्या जागी आणि उरलेला भराव साधा, असा हिशेब होता.

कमानीचे तत्त्व सोपे आहे. पाचरीच्या आकाराचे दगड अर्धवर्तुळात बसवले की वरून येणारा भार प्रत्येक दगडाला शेजाऱ्यावर अधिक घट्ट दाबतो. मधला दगड शेवटी बसतो. तोवर सारी कमान लाकडी सांगाड्यावर तोललेली असते. कमान भार खाली नेते, पण त्याचबरोबर दोन्ही बाजूंना बाहेरच्या दिशेने ढकलते. हा रेटा सोसण्यासाठी भिंती जाड ठेवतात किंवा बाहेरून आधाराच्या टेकूभिंती बांधतात. जुन्या चर्चच्या बाजूने ठरावीक अंतरावर पुढे आलेले हे दगडी टेकू नक्षीसाठी नसून भिंतीचा तोल राखण्यासाठी आहेत.

चुना बनवण्याची पद्धत गेल्या पिढीपर्यंत महाराष्ट्राला परिचित होती. किनाऱ्यावर शिंपले भाजून, तर घाटावर चुनखडी भाजून कळीचा चुना मिळे. तो पाण्यात विरवून, वाळू किंवा विटांची भुकटी मिसळून बैलांच्या घाणीत मळत. त्यात गूळ वा हिरड्यासारखे पदार्थ घालण्याचीही रीत होती. असा चुना सावकाश घट्ट होतो. हवेतील कार्बन डाय ऑक्साइड शोषून त्याचा पुन्हा दगडासारखा पदार्थ बनण्यास महिने, जाड भिंतीच्या पोटात तर वर्षे लागतात. या संथपणात त्याचा गुण आहे. भिंत किंचित खचली वा हलली तरी चुना तिच्याबरोबर जुळवून घेतो. तो ओल शोषतो आणि उन्हाळ्यात बाहेर टाकतो.

दर्शनी भागाची भाषा

चर्चच्या समोरच्या भिंतीवर सर्वांत अधिक खर्च झालेला दिसतो. किल्ल्यातील जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत याचा उत्तम नमुना आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना जोडस्तंभ, त्यांवर आडवे पट्टे, वर खिडकी आणि शिखराकडे निमुळती होत जाणारी त्रिकोणी रचना, अशी ही भाषा युरोपातील प्रबोधनकाळाची आहे. तिने मूळ ग्रीक-रोमन मंदिरांचे घटक उचलले होते. बेसाल्ट कठीण असल्याने त्यात बारीक, खोल कोरीवकाम जिकिरीचे ठरते. त्यामुळे येथील शोभा मुख्यत्वे सरळ रेषा, ठळक पट्टे आणि प्रमाणबद्धता यांतून साधली आहे. उन्हाच्या कलत्या प्रकाशात या पट्ट्यांची सावली पडते, तेव्हा ती रचना अधिक उठून दिसते.

वसईच्या दगडाची ख्याती गोव्यापर्यंत पोहोचली होती. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेचे काम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. तिच्या भिंती स्थानिक जांभ्या दगडाच्या आहेत. जांभा सच्छिद्र आणि मऊ असल्याने त्यात स्तंभ व नक्षी टिकत नाही. म्हणून दर्शनी भागातील घडीव कामासाठी काळा दगड वसईहून समुद्रमार्गे आणण्यात आला. आज जागतिक वारसा म्हणून जगभरातील पर्यटक जी वास्तू पाहतात, तिच्या चेहऱ्यावर वसईच्या खाणींतला पाषाण आहे. वसईत हीच कला जेथे बहरली, ती चर्च मात्र छपराविना उभी आहेत.

गावातील चर्चची दर्शनी भिंत अधिक साधी असते. तीन दारे किंवा एकच मोठे दार, वर गोल वा कमानदार खिडकी, शिखरावर क्रूस, बाजूला एक किंवा दोन मनोरे. दगडावर चुन्याचा गिलावा आणि पांढरा रंग. समोरच्या अंगणात दगडी क्रूस. भाताची खाचरे, केळीच्या बागा आणि फुलांचे वाफे यांच्यामधून हा पांढरा दर्शनी भाग दुरून दिसे आणि गावाची खूण ठरे.

छप्पर : सर्वांत नाजूक भाग

पाषाणी चर्च असे म्हटले तरी त्याचे छप्पर बहुधा दगडाचे नसते. वेदीच्या वरचा भाग आणि कडेची उपवेदीगृहे यांवर चुना-दगडाचे कमानदार छत असे. ते अनेक ठिकाणी अजून शाबूत आहे. मुख्य दालनावर मात्र लाकडी कैच्या आणि त्यांवर कौले असत. रुंद दालनावर दगडी छत घालायचे तर भिंती फार जाड कराव्या लागत आणि खर्चही वाढे. लाकडी छप्पर हलके, स्वस्त आणि बदलता येण्याजोगे होते. सुरुवातीला देशी नळीची कौले वापरात होती. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर पुढील दशकांत किनारपट्टीवर मंगलोरी कौलांचा प्रसार झाला. आज जी कौले ‘जुनी’ म्हणून ओळखली जातात, ती अशा रीतीने मूळ वास्तूहून दोन-अडीचशे वर्षांनी तरुण असू शकतात.

कोकण किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. यवतमाळच्या पावसाच्या तो दुपटीहून जास्त भरतो. मे १६१८ मध्ये वसईवर आलेल्या भीषण वादळाने शहरातील चर्च आणि मठांची छपरे उडवली, काही वास्तू तर जवळजवळ उद्ध्वस्त केल्या. ती पुन्हा बांधण्यात आली, कारण त्या वेळी शहरात माणसे आणि पैसा दोन्ही होते.

छप्पर गेल्यावर भिंतीचा नाश कसा होतो, याचा क्रम ठरलेला आहे. आधी पाणी भिंतीच्या माथ्यावरून मधल्या भरावात उतरते. तेथील चुना हळूहळू धुऊन जातो. माथ्यावर माती साचते, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून वड-पिंपळ रुजतात आणि त्यांची मुळे दोन थरांच्या मधोमध खाली जातात. मुळे जाड झाली की बाहेरचा थर फुगतो. एखाद्या पावसाळ्यात तो ढासळतो. लाकडी कैच्या व तुळया भिंतींना आतून बांधून ठेवत असतात, तो आधारही छपराबरोबर गेलेला असतो. दगड तसाच मजबूत राहतो, पण त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही.

आतली मांडणी

चर्चमध्ये प्रवेश करताच डोक्यावर बहुधा गायकवृंदाचा सज्जा असतो. दाराजवळ बाप्तिस्म्याचे दगडी कुंड, कारण बाप्तिस्मा हा ख्रिस्ती समुदायातील प्रवेश मानला जातो. पुढे मुख्य दालन, त्याच्या टोकाला मोठी कमान आणि तिच्यापलीकडे पायऱ्यांनी उंच केलेली वेदी. वेदीमागे लाकडी कोरीव पट, त्यात संतांच्या मूर्तींसाठी कोनाडे. दालनाच्या कडेला, उंचावर, लाकडी प्रवचनपीठ. ध्वनिवर्धक नसलेल्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची ही सोय होती. खिडक्या उंचावर ठेवण्याचे कारणही व्यावहारिक आहे. उजेड आणि हवा वरून येते, तर खालची भिंत भार पेलण्यास अखंड राहते.

किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चमध्ये फरशीवर ओळीने थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज सरदारांची कुलचिन्हे आणि लेख कोरलेले दिसतात. चर्चमध्येच दफन करण्याची तेव्हा प्रथा होती. गोव्यात जन्मलेले इतिहासकार डॉ. जे. जर्सन द कुन्हा यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या चौल आणि वसईवरील ग्रंथात येथील शिलालेख नोंदवून ठेवले. सेंट जोसेफ हे शहराचे मुख्य धर्मग्रामीय चर्च होते. आर्चबिशप अलेक्सो द मेनेझिस यांच्या काळात, १६०१ मध्ये, त्याची पुनर्बांधणी झाल्याचे तेथील लेख सांगतो.

धर्मग्रामांच्या चर्चमधील आतला सर्वांत मोठा बदल विसाव्या शतकात झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना सुरू झाली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पण करू लागले. त्यासाठी जुन्या वेदीच्या पुढे नवी वेदी मांडावी लागली. वसईच्या सामवेदी, वाडवळ, कोळी समाजांचे ख्रिस्ती कुटुंबीय घरात आपापली बोली बोलत असले, तरी चर्चमधील भाषा मराठी झाली. नंदाखालचे सुपुत्र, ‘सुवार्ता’चे माजी संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) हे उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यामागे या उपासनाभाषेची अनेक दशकांची मशागत होती.

घंटांचा प्रवास

मनोरा हा चर्चचा आवाज. सेंट जोसेफच्या उंच मनोऱ्यात आजही चक्राकार दगडी जिना आहे. घंटा टांगण्यासाठीच्या कमानी रिकाम्या आहेत. पहाट, दुपार आणि सायंकाळची प्रार्थना, विवाह, मृत्यू, आग वा हल्ला या साऱ्यांची वर्दी या घंटा देत.

चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकली. १७३७ पासून चाललेल्या उत्तर कोकणच्या मोहिमेची ती सांगता होती. विजयाची खूण म्हणून पोर्तुगीज घंटा महाराष्ट्रभर नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील प्रसिद्ध घंटेवर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटा १७०७ ची आहे. भीमाशंकर येथेही अशी घंटा आहे. ज्या मनोऱ्यांसाठी त्या ओतल्या गेल्या, ते मनोरे मुके झाले. घंटा मात्र मंदिरांत वाजत राहिल्या. महाराष्ट्रातील हजारो भाविकांनी वसईच्या चर्चचा हा आवाज अजाणतेपणी ऐकलेला आहे.

दोन नशिबे

तहानंतर पोर्तुगीज अधिकारी, सरदार आणि धर्मसंघ वसई सोडून गेले. किल्ल्यातील चर्च ज्यांच्यासाठी होती, ती माणसेच राहिली नाहीत. छपरांची लाकडे गेली, कौले गेली आणि पावसाने आपले काम सुरू केले. गावातील ख्रिस्ती शेतकरी, बागायतदार आणि कोळी मात्र जमीन सोडून कोठे जाणार? ते राहिले आणि त्यांची चर्चही राहिली. तटाबाहेरच्या चर्चनी याआधीही संकटे पाहिली होती. १६७४ मध्ये मस्कतच्या अरब चाच्यांनी किनाऱ्यावर उतरून ती लुटली होती. प्रत्येक वेळी ती सावरली, कारण दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळणारे हात गावात होते.

याला पूरक असे उदाहरण मुंबईत आहे. अंधेरीला आजच्या सीप्झ वसाहतीच्या आवारात जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. १५७९ साली जेझुइटांनी बांधलेले हे धर्मग्रामाचे चर्च होते. १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे वस्ती मरोळला हलली आणि चर्च ओस पडले. तेथे ना युद्ध झाले, ना तोफा डागल्या गेल्या. केवळ माणसे गेल्याने छप्पर गेले आणि भिंती झाडांच्या स्वाधीन झाल्या. उलट वसई किल्ल्यातील जेझुइट चर्चला पुन्हा उपासना लाभली. वसईत जन्मलेले आणि १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर हौतात्म्य आलेले गोन्सालो गार्सिया यांना १८६२ साली संतपद मिळाले. त्यांच्या नावाने हे चर्च आज ओळखले जाते. भग्न शहरात छप्पर असलेली आणि माणसांनी भरणारी वास्तू तेवढी एक.

चुना की सिमेंट?

जिवंत चर्चपुढे आजचे संकट वेगळे आहे. ते सदिच्छेतून येते. भिंतीला ओल आली की सिमेंटचा गिलावा, छप्पर गळले की पत्रे, दालन अपुरे पडले की काँक्रीटची वाढ असे उपाय सुचतात. सिमेंट कठीण आणि बंदिस्त असते. जमिनीतून भिंतीत चढलेली ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही. ती आतच कोंडते, मीठ साचते आणि काही वर्षांत गिलाव्यासकट मागचा चुना सुटू लागतो. खाऱ्या हवेत काँक्रीटमधील लोखंड गंजून फुगते आणि जुन्या भिंतीला तडे देते. जुन्या भिंतीला जुन्याच जातीचा चुना लागतो, हे जगभरातील जतनतज्ज्ञांचे आता सर्वसाधारण मत आहे.

गिलावा काढून दगड उघडा करण्याची हौसही तितकीच घातक ठरते. बॉम जेझू बॅसिलिकेचा बाहेरील चुन्याचा गिलावा १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार द कास्त्रो यांच्या देखरेखीखाली काढण्यात आला. वास्तू प्राचीन दिसावी, हा त्यामागील हेतू. तेव्हापासून तिचा सच्छिद्र जांभा थेट पावसाला तोंड देत आहे. २०२० मध्ये बॅसिलिकेच्या धर्मगुरूंनीच तिच्या झिजेबद्दल जाहीर चिंता व्यक्त केल्यानंतर गिलावा पुन्हा करावा काय, यावर मोठी चर्चा झाली. पर्यटकांना भावणारा तांबूस, खडबडीत चेहरा हा मुळात तिचा चेहरा नव्हताच.

कायद्याचे संरक्षणही दोन्ही प्रकारच्या वास्तूंना सारखे नाही. वसई किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकांच्या सभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत नियंत्रण, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने १९५८ च्या कायद्यात झाली. गावातील चालती चर्च सहसा अशा यादीत नसतात. त्यांचे भवितव्य धर्मग्रामाच्या सभेत, धर्मगुरू आणि गावकऱ्यांच्या निर्णयावर ठरते. १९९८ साली वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, २००९ मध्ये महानगरपालिका आली आणि गावांना शहराने वेढले. लोकसंख्या वाढली तशी मोठ्या चर्चची गरजही खरी आहे. ती नाकारून चालणार नाही. जुने दालन तसेच ठेवून शेजारी नवी सभागृहे बांधणे, जुन्या भिंती राखून मागील बाजूस वाढ करणे किंवा मिस्सांची संख्या वाढवणे, असे पर्याय आहेत. मात्र ते इमारत पाडण्यापूर्वी विचारात घ्यावे लागतात. एकदा पाडलेली त्रिस्तरी भिंत पुन्हा बांधता येत नाही, कारण ती बांधणारे गवंडी आणि चुन्याच्या घाण्या आता दुर्मीळ झाल्या आहेत.

किल्ल्यातील भिंतींवर वाढलेली झाडे काढण्यासाठी आज सरकारी निधी लागतो. हेच काम गावातील माणसे आपल्या चर्चच्या माथ्यावर दर वर्षी मे महिन्यात, रोप बोटभर असतानाच, हाताने उपटून करीत आली. पाषाणी वास्तूची निगा यापेक्षा फार अवघड नाही. मात्र ती दर वर्षी करावी लागते.

चौकट : पाषाणी चर्च पाहताना

- कोपरे आणि दारांच्या चौकटींतील घडीव दगड पाहावा. मधल्या भिंतीतील अनघड दगडाशी त्याची तुलना केली की बांधणाऱ्यांचा खर्चाचा हिशेब कळतो.
- बाजूच्या भिंतींना टेकूभिंती आहेत काय, हे पाहावे. त्या आतील कमानींच्या समोर असतील, तर त्या रेटा सोसण्यासाठी आहेत.
- छपराच्या पातळीवर भिंतीत ओळीने चौकोनी खोबणी दिसल्यास तेथे एके काळी तुळया बसवलेल्या होत्या, असे समजावे.
- गिलाव्याला पोपडे आले असतील, तर रंग पाहावा. पांढरट, भुसभुशीत असेल तो बहुधा चुना. करडा, कठीण असेल ते नंतरचे सिमेंट.
- भिंतीच्या माथ्यावर नजर टाकावी. तेथे हिरवा अंकुर दिसला, तर पुढच्या पावसाळ्यापूर्वीच तो निघायला हवा.
- किल्ल्यातील भग्न चर्च पाहून झाल्यावर नंदाखाल, पापडी किंवा रमेदीच्या चर्चला अवश्य जावे. उपासनेच्या वेळा टाळून आणि तेथील शिस्त पाळून वास्तू पाहावी.